नॉर्ग्येलिंगच्या तिबेटी मैत्रिणीला भारतीय पासपोर्ट मिळेल का?

अर्जुनीकर: गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीतील माझी मैत्रीण २००२ मध्ये इथेच जन्मली, तिचे वडीलही १९८० मध्ये भारतातच जन्मले, तरीही तिच्याकडे केवळ परदेशी नागरिकाचे नोंदणी प्रमाणपत्र आहे. तिने अर्ज करावा का?

झाडीपट्टीकर: अवश्य करावा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. म्हणून वडील नागरिक आहेत आणि मुलीच्या जन्मवर्षासाठी एक पालक नागरिक असणे पुरेसे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये १९८६ साली जन्मलेल्या तिबेटी तरुणीला नागरिक मानले होते.

वाचक: आधी वडिलांचा जन्मदाखला शोधा, खेड्यातील जुनी नोंद सापडणे हेच खरे दिव्य आहे. वसाहत निर्वासितांसाठी असल्याने, भारतीय पासपोर्ट घेतल्यास तिथल्या घर-शेतीवर काय परिणाम होईल, हेही अर्जापूर्वी विचारून घ्यावे.