रेसिडेंट इव्हिल ४: केसमध्ये जागाच उरत नाही

प्रश्न: ‘रेसिडेंट इव्हिल ४’ या व्हिडिओ गेमचा २०२३ चा रिमेक (नव्याने बनवलेली आवृत्ती) खेळतोय. गावाचा टप्पाही संपला नाही आणि केस (सामान ठेवायची चौकोनांची पेटी) गच्च! काल शॉटगनच्या गोळ्या समोर पडल्या होत्या, घ्यायला चौकोन नाही. पाच हिरव्या वनस्पती आणि तीन अंडी जपून ठेवलीत. काय फेकू?

उत्तर: फेकतोस कशाला, पाला एकत्र कर. हिरवी, लाल, पिवळी मिळून एकच वस्तू होते. सहा चौकोनांचा माल दोनांत बसतो, वर कमाल आरोग्यही वाढतं. अंडी साठवायची नसतात रे, मार बसला की खाऊन टाक.

उत्तर: बंदुका कायम भरलेल्या ठेव, मॅगझिनमधल्या गोळ्या जागा खात नाहीत. मी गनपावडर तशीच ठेवतो. ज्या गोळ्या संपतील त्या तेव्हा बनवायच्या. रायफल नको असेल तेव्हा टाइपरायटरपाशी (जिथे गेम सेव्ह करतो) ठेवून दे. (मी हे फार उशिरा शिकलो, तोवर एक चांगली बंदूक विकून बसलो होतो.)

प्रश्नकर्ता: तीन हिरव्या एकत्र केल्या, चार चौकोन मोकळे! परत गेलो तर गोळ्या तिथेच होत्या. दोन अंडी खाल्ली. तिसरं ठेवलंय, जीवच होत नाही.