'ऑथॉरिटेरियन'ला मराठीत काय म्हणावं?

मिताली: पदवीच्या विद्यार्थ्यांची राजकीय-धार्मिक मतं आणि स्वभाव यांचा संबंध तपासणारी प्रश्नावली मराठीत आणतेय. मानसशास्त्रज्ञ ऑल्टमायरच्या 'राइट-विंग ऑथॉरिटेरियनिझम'वर अडलंय. 'उजवी हुकूमशाही वृत्ती' चालेल?

दगडफूल: नाही. हुकूमशहा हुकूम सोडतो. ऑल्टमायर (मॅनिटोबा, १९८१) मोजतो तो हुकूम झेलणारा. सत्तेपुढे मान तुकवणं, ती बोट दाखवेल त्याच्यावर तुटून पडणं आणि रूढी धरून राहणं, या तिन्ही गोष्टी एकत्र. 'सत्ताशरणता' घ्या.

पैलतीर: त्यात तुटून पडणं कुठे आलं? शरण गेलेला गरीब गाय वाटतो. 'उजवी' तर काढाच. त्याचा 'राइट' पक्षाचा नव्हे, 'रीतसर, प्रस्थापित' या जुन्या अर्थाचा. वर मराठीत उजवं म्हणजे सरस!

दगडफूल: श्रेणीचं, म्हणजे मोजपट्टीचं, नाव मुलांना दाखवायचंच नसतं. खरी गोची विधानांत. हीच वृत्ती मोजणाऱ्या १९५०च्या एफ-श्रेणीत सगळी एकाच दिशेची होती, म्हणून होला हो करणाऱ्यांचेही गुण चढले. ऑल्टमायरने उलट्या विधानांनी तोल साधला. पण ती 'नाही' लावून उलटवू नका. 'मोठ्यांचं ऐकलंच पाहिजे असं नाही' यावर 'असहमत' म्हणजे काय, यात पोरं हमखास गोंधळतात. 'मोठ्यांना उलट प्रश्न विचारणं चांगलं' असं सरळ लिहा.

मिताली: बिग फाइव्ह, म्हणजे स्वभावाचे पाच मुख्य गुण, त्यांतल्या 'ओपननेस'ला 'मोकळेपणा' केलंय. उलट भाषांतरात, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी करताना, बरोब्बर 'ओपननेस' परत आलं.

पैलतीर: तिथेच फसाल. मोकळा म्हणजे आपल्याकडे मनमोकळा, चारचौघांत मिसळणारा. तो बहिर्मुखता या पाचांतल्याच दुसऱ्या गुणाच्या खात्यात जातो. उदारमतवादाशी नातं दिसतं ते नव्या अनुभवांच्या, कल्पनांच्या ओढीचं. उलट भाषांतरात ही चूक सापडत नाही, कारण शब्द फिरून जागेवरच येतो. पाच-सहा मुलांना विधान वाचायला देऊन 'तुझ्या शब्दांत सांग' म्हणा. 'नवोत्सुकता' कसं वाटतं?

नाना: हा शब्द आजवर कुणाच्या तोंडी ऐकलाय?

दगडफूल: मतांच्या रकान्यात 'पुराणमतवादी' असेल तर खोडा, त्यावर कोण खूण करेल? 'परंपरा मानणारा' लिहा. नुसतं 'धार्मिक'ही नको. ऑलपोर्ट आणि रॉस हे मानसशास्त्रज्ञ (१९६७) धर्म हेच साध्य मानणारे आणि धर्म साधन म्हणून वापरणारे वेगळे काढतात. तुमच्या एका शब्दात वारकरी आणि ओळखी वाढवायला देवळात जाणारा, दोघे येतील.

नाना: वारकरी 'धार्मिक' नव्हे, 'भाविक'.

पैलतीर: भाविक आता फक्त बातमीतल्या रांगेत उरलेत.

नाना: मग 'श्रद्धाळू'.

पैलतीर: हिंदीतून आलेला.

नाना: त्यातला 'ळ' दिसत नाही का?