ग्रास जीआयएस: आर.वॉटरशेडचा डायलॉग एकही चूक न दाखवता पूर्ण होतो, पण पाणलोट क्षेत्र सरळ रेषेत कापलं जातं

ओढाकाठ (प्रश्न)

ग्रास (नकाशांचं विश्लेषण करणारं मोफत सॉफ्टवेअर) ८.४, विंडोजवर. सासवडजवळ कऱ्हा नदीवरचा एक बिंदू धरून त्याच्या वरचं पाणलोट क्षेत्र काढायचं आहे. उंचीसाठी एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारने मोजलेली उंची) एक आर्क-सेकंदाच्या (साधारण ३० मीटर) दोन फाइली घेतल्या: एन१८ई०७४ आणि एन१८ई०७३, याच क्रमाने. प्रोजेक्टची निर्देशांक पद्धत मीटरमधली, यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३. दोन्ही आर.इम्पोर्टने आणल्या, आर.पॅचने जोडल्या, मग मेनूतून आर.वॉटरशेडचा (पाण्याच्या वाटा काढणारं टूल) डायलॉग उघडून थ्रेशोल्ड (ओढा धरायला लागणारं किमान क्षेत्र) १०० दिला. ड्रेनेज (पाणी कुठल्या दिशेला जातं), अ‍ॅक्युम्युलेशन (प्रत्येक जागी वरून किती पाणी जमतं) आणि स्ट्रीम (ओढे) हे तीन नकाशे मागितले. शेवटी, दिलेल्या बिंदूच्या वरचं क्षेत्र काढणारं आर.वॉटर.आउटलेट.

अडचणी तीन:
१. क्षेत्र पश्चिमेला सुरीने कापल्यासारखं उभ्या रेषेत संपतं. मॅप डिस्प्लेवर मात्र दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी व्यवस्थित दिसतात.
२. अ‍ॅक्युम्युलेशनमध्ये उणे आकडे येतात.
३. ओढ्यांचं जाळं इतकं दाट येतं की काही वाचता येत नाही.

डायलॉगमधला प्रत्येक टॅब उघडून पाहिला. नकाशाची हद्द ठरवायची जागा कुठेच नाही.

समोच्चरेषा

ती जागा त्या डायलॉगमध्ये नसतेच. ग्रासमधलं जवळजवळ प्रत्येक रास्टर टूल कम्प्युटेशनल रीजनच्या चौकटीत चालतं: किती क्षेत्रावर काम करायचं आणि सेल (नकाशाच्या जाळीतला एक चौकोन) किती मीटरचा, हे दोन्ही तिथून येतं. डायलॉग फक्त त्या टूलचे पर्याय दाखवतो. रीजन आधीपासून ठरलेला असतो आणि तो चुकीचा असला तरी टूल तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलं नसतं.

मॅप डिस्प्ले या रीजनला बांधलेला नाही, म्हणून तुम्हाला सगळं नीट दिसतंय. लेयरच्या यादीतले दोन मूळ तुकडे बंद करून फक्त पॅच केलेला नकाशा चालू ठेवा. तोही अर्धाच निघेल, कारण आर.पॅचसुद्धा त्याच रीजनमध्ये चाललं. चूक वॉटरशेडच्या आधीच झाली आहे.

खात्री करायला सेटिंग्ज मेनूतून कम्प्युटेशनल रीजन, मग सेट रीजन. उघडतो तो जी.रीजनचा डायलॉग. त्याच्या प्रिंट टॅबमध्ये सध्याचा रीजन छापायची खूण करा आणि रन दाबा. वेस्टचा (पश्चिम हद्दीचा) आकडा ३ लाख ९४ हजारांच्या आसपास असेल तर तो ७४ अंश रेखांश आहे, म्हणजे रीजन ई०७४ वरच थांबलाय. दोन्ही तुकडे धरले तर तो २ लाख ८८ हजारांच्या आसपास हवा. सासवड ७४ अंशाच्या जेमतेम पूर्वेला आणि कऱ्हेचा उगमाकडचा भाग पश्चिमेला, त्यामुळे नेमकं हवं तेच क्षेत्र बाहेर राहिलं.

दुरुस्ती: त्याच डायलॉगच्या एक्झिस्टिंग टॅबमध्ये रास्टर म्हणून दोन्ही मूळ तुकडे निवडा, रेझोल्यूशन टॅबमध्ये ३० टाका, चौकट त्या रेझोल्यूशनला जुळवून घ्यायची खूण करा (कमांडमध्ये ती उणे-ए अशी दिसते). मग पॅच आणि त्यापुढचं सगळं पुन्हा चालवा. मॅप डिस्प्लेमध्ये रीजनची चौकट नकाशावर काढून घेता येते. ती कायम चालू ठेवा, म्हणजे असा घोटाळा डोळ्यांना लगेच दिसतो.

दुसऱ्यांदा चालवताना 'नकाशा आधीच आहे' म्हणून टूल थांबेल. ऑप्शनल टॅबमध्ये जुन्या आउटपुटवर लिहायची परवानगी द्या.

जलरेघ

रीजनचं वरचं निदान बरोबर आहे, पण दोन तुकडे वेगवेगळे आणून पॅच करणं मी टाळायला सांगेन. आर.इम्पोर्ट प्रत्येक तुकड्याचं रेझोल्यूशन स्वतंत्र अंदाजाने ठरवतं, त्यामुळे दोन्हींच्या सेलची जाळी एकमेकांवर बसत नाही. पॅच करताना जवळचा सेल उचलला जातो आणि सांध्यावर उंचीची पायरी किंवा रिकाम्या सेलची रेघ राहू शकते. पाण्याच्या वाटेवर अशी एक रेघसुद्धा फार महागात पडते.

त्याऐवजी क्यूजीआयएस या दुसऱ्या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमधल्या बिल्ड व्हर्च्युअल रास्टरच्या डायलॉगने दोन्ही फाइलींची एक व्हीआरटी फाइल (मूळ फाइली जोडून एकच नकाशा दाखवणारी) करा. तिथे 'प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये ठेवा' ही खूण आधीच केलेली असते, ती काढा. नाहीतर एकसंध नकाशा न होता दोन बँडचा होतो. एसआरटीएमचा प्रत्येक तुकडा ३६०१ गुणिले ३६०१ चा आहे आणि शेजारच्या तुकड्याशी एक ओळ सामाईक असते, त्यामुळे इथे सांधा बेमालूम बसतो. मग ती व्हीआरटी आर.इम्पोर्टने एकदाच आणा. डायलॉगमध्ये दोन गोष्टी बदला: रीसॅम्पलिंगची (नव्या जाळीवर उंची बसवण्याची) पद्धत निअरेस्टऐवजी (जवळचा एकच सेल) बायलिनिअर (आसपासच्या सेलवरून काढलेली उंची), आणि रेझोल्यूशन अंदाजाने न ठरवता ३० मीटर. उंचीच्या नकाशाला निअरेस्ट ठेवलं तर उतारावर पट्टे उमटतात.

उणे आकडे ही चूक नाही. ज्या सेलमध्ये रीजनच्या बाहेरून पाणी येण्याची शक्यता आहे, तिथली बेरीज अपुरी असू शकते, हे आर.वॉटरशेड उणे चिन्हाने सांगतं. आर.वॉटरशेडला त्याचा उणे-ए हा फ्लॅग (पर्यायाची खूण) लावून ते घालवता येतात, पण आधी लावू नका. तुमच्या बिंदूवर उणे आकडा येत असेल तर चौकट अजून अपुरी आहे. इतका चांगला इशारा दुसरा नाही.

थ्रेशोल्ड सेलच्या संख्येत असतो, हेक्टरमध्ये नाही. ३० मीटरचा सेल म्हणजे ९०० चौरस मीटर. तुमचे १०० सेल म्हणजे फक्त ९ हेक्टर, म्हणून प्रत्येक घळ ओढा म्हणून येतेय. १ चौरस किलोमीटरला साधारण ११११ सेल, ५०० हेक्टरला ५५५६. सुरुवात ११११ ने करा.

आणखी एक: आर.वॉटरशेडला खड्डे भरलेला नकाशा द्यायची गरज नाही. ते खड्ड्यांतून कमीत कमी खर्चाची वाट शोधत जातं. आधी फिल करून मोठे सपाट भाग तयार केले तर उलट तिथल्या वाटा कृत्रिम होतात.

ओढाकाठ

व्हीआरटी करून पुन्हा चालवलं. कापलेली कड गेली, बिंदूच्या आसपास उणे आकडे नाहीत. दोघांचे आभार. आता आर.वॉटर.आउटलेट चार-पाच सेलचंच क्षेत्र देतंय. आणि नकाशाला 'कऱ्हा' नाव दिलं तर टूल नकार देतं. असे एकूण १२ बिंदू करायचे आहेत.

जलरेघ

बिंदू ओढ्याच्या सेलवर नसून शेजारच्या उतारावर पडलाय. डायलॉगमध्ये निर्देशांकाच्या रकान्याशेजारी नकाशावरून बिंदू उचलायचं बटण आहे. स्ट्रीमचा नकाशा वर ठेवून सेल स्वतंत्र दिसतील इतकं झूम करा, मग ते बटण दाबून ओढ्याच्या सेलच्या मधोमध क्लिक करा. हाताने टाकणार असाल तर आधी ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा), मग नॉर्दिंग (उत्तरेकडचा), मध्ये स्वल्पविराम. सासवडजवळ ते अनुक्रमे ३ लाख ९७ हजार आणि २० लाख २८ हजारांच्या घरात येतात. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश तसेच टाकलेत तर बिंदू रीजनच्या पार बाहेर जातो.

१२ बिंदूंसाठी आर.स्ट्रीम.स्नॅप हे अ‍ॅड-ऑन बसवून घ्या. ते ठरावीक त्रिज्येत सगळे बिंदू ओढ्यावर सरकवून देतं. त्रिज्या सेलमध्ये आहे, मीटरमध्ये नाही.

समोच्चरेषा

नावाबद्दल: ग्रासमध्ये नकाशाच्या नावात देवनागरी चालत नाही, मोकळी जागाही नाही. व्हेक्टरचे नियम आणखी कडक: सुरुवात रोमन अक्षराने, पुढे अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच, टिंबही नाही. मराठी नाव अ‍ॅट्रिब्यूट टेबलच्या रकान्यात ठेवा.

डायलॉग १२ वेळा भरू नका. एकदा नीट भरा. खाली तयार होणारी कमांड कॉपीच्या बटणाने उचलता येते. ती कन्सोलमध्ये चिकटवून फक्त निर्देशांक आणि आउटपुटचं नाव बदलत जा. कन्सोलमध्ये टूलचं नुसतं नाव टाकून एंटर दाबलं की त्याचा डायलॉग उघडतो, मेनू धुंडाळावा लागत नाही. कोणता नकाशा कोणत्या पर्यायांनी बनला हे विसरलात तर आर.इन्फो चालवा. पूर्ण कमांड नकाशाच्या नोंदीत जपलेली असते.

क्षेत्रफळ आर.रिपोर्टने मोजणार असाल तर तेही रीजनप्रमाणेच मोजतं. आर.टू.व्हेक्टने बहुभुज करून मोजायचं असेल तर कोपरे गुळगुळीत करायचा फ्लॅग लावू नका, क्षेत्रफळ बदलतं.

ओहोळ

हेच टूल क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समधून चालवणाऱ्यांसाठी: तिथे रीजन डायलॉगमध्येच असतो, अ‍ॅडव्हान्स्डच्या घडीत. हद्द रिकामी ठेवली आणि सेलचा आकार ० ठेवला तर दोन्ही इनपुट लेयरवरून घेतले जातात. प्रत्येक वेळी तात्पुरता प्रोजेक्ट उभा राहतो, त्यामुळे आधीच्या कामाचा रीजन मागे उरत नाही. शंका आली तर लॉग टॅबमध्ये जी.रीजनची ओळ शोधा. वापरलेली चारही टोकं तिथे छापलेली असतात.

विदर्भातल्या कोणी हे वाचून काम करणार असेल तर झोन बदला. ७८ अंशाच्या पूर्वेला, नागपूर धरून, यूटीएम ४४ उत्तर म्हणजे ३२६४४.