'इन्कॉर्पोरेशन'ला मराठीत काय म्हणाल?

झुळूक: अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या सेंट जॉर्जवर लिहायला घेतलंय आणि शीर्षकातच अडलेय. राज्याची राजधानी बॅटन रूजच्या हद्दीला लागून असलेल्या या भागाने १२ ऑक्टोबर २०१९ला मतदान करून स्वतःचं शहर करायचं ठरवलं. यालाच तिथे 'इन्कॉर्पोरेशन' म्हणतात. ५४ टक्के बाजूने. बॅटन रूजच्या तेव्हाच्या महापौर शॅरन वेस्टन ब्रूम कोर्टात गेल्या. शेवटी २६ एप्रिल २०२४ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सेंट जॉर्जला कौल दिला. कोशात 'निगमन' सापडलं. 'सेंट जॉर्जच्या निगमनाला आव्हान' चालेल?

तर्कटराव: अजिबात नाही. तर्कशास्त्रात अनुमानाच्या पायऱ्या अशा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि मग निगमन, म्हणजे निष्कर्ष. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. तुमचं शीर्षक वाचून मला वाटेल, कुणाचा तरी युक्तिवाद कोर्टात खोडला गेला. नगरपालिकेतला 'निगम' हिंदीवाल्यांचा. त्यांचं जीवन बीमा निगम आपल्याकडे आयुर्विमा महामंडळ होतं. आपला निगम म्हणजे वेद.

गावकुसाबाहेर: 'समावेश' म्हणा की.

निवृत्त कारकून: उलटा अर्थ होईल हो! आमच्याकडे 'समाविष्ट गावं' म्हणजे महापालिकेने पोटात घेतलेली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं बघा. आधी वगळली, मग समाविष्ट केली. २०२०मध्ये त्यातली १८ पुन्हा वगळली, तर मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. आपले शब्द बघा: समाविष्ट केली, वगळली, घोषित केली. करणारं सरकार, अधिसूचना काढून. सेंट जॉर्जमध्ये सुरुवात लोकांनी केली. नव्या शहराच्या अर्जावर नोंदणीकृत मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्या लागतात. २०१५च्या प्रयत्नात ७१ सह्या कमी पडल्या आणि सगळं मुसळ केरात. तेव्हा कर्ता लोक असतील असा शब्द हवा. 'शहराचा दर्जा मिळाला' नको, दर्जा वरून मिळतो.

गावकुसाबाहेर: मग 'बॅटन रूजपासून फुटून निघाले'?

झुळूक: विरोधक तसंच मांडतात, पण ते शहराच्या हद्दीत कधी नव्हतेच. फुटणार कशातून?

निवृत्त कारकून: हद्दीत नव्हते, पण खिसा एकच होता ना? १९४९पासून तिथे शहर आणि पॅरिश यांचा कारभार एकत्र आहे. (पॅरिश म्हणजे चर्चची वाडी नव्हे. इतर राज्यांत जी काउंटी, ती लुइझियानात पॅरिश.) सेंट जॉर्जमधला विक्रीकर त्या सामाईक तिजोरीत जायचा. महापौरबाईंची धास्ती तीच होती. त्यामुळे 'वेगळी चूल मांडली' म्हणायला हरकत नाही. घर आधीपासून वेगळं, शिधा मात्र एकत्र.

तर्कटराव: चूल छान आहे, पण शीर्षकात नको. वेगळी चूल म्हटलं की मराठी वाचक धाकट्या सुनेला दोष देऊन मोकळा होतो. शिवाय या भांडणाचं मूळ शाळांत आहे. आधी स्वतंत्र शाळा-जिल्हा (म्हणजे शाळांचा वेगळा कारभार) मागितला, तो मिळेना म्हणून शहर. त्यात सेंट जॉर्ज बहुतांशी गोरं आणि बॅटन रूजमध्ये कृष्णवर्णीय जास्त. शब्द जपून वापरा.

झुळूक: दुसरा अडथळा. तिथल्या कायद्यानुसार नवं शहर करणं 'रीझनेबल' आहे का, हे कोर्टाने तपासायचं असतं. शेजारच्या शहरावर काय परिणाम होईल तेही. २०२२मध्ये खालच्या कोर्टाने 'नाही' म्हटलं: शहर तुटीत जाईल आणि बॅटन रूजचं नुकसान होईल. २०२३मध्ये अपील कोर्टाने निकाल तोच ठेवला, पण कारण बदललं: अर्जात सेवा पुरवण्याचा नीट आराखडा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. 'वाजवी' लिहू?

तर्कटराव: 'वाजवी'ला भाजीबाजाराचा वास येतो, 'रास्त'ला रेशन दुकानाचा. 'सयुक्तिक' म्हणा.

निवृत्त कारकून: सयुक्तिक युक्तिवाद असतो, शहर नव्हे. आणि इथे पैशाचाच हिशेब तपासलाय, मग बाजाराचा वास आला तर बिघडलं कुठे? वाजवीच ठेवा.

झुळूक: पटलं. शीर्षक: 'सेंट जॉर्जकरांनी स्थापलेल्या नगरपालिकेला आव्हान'.

गावकुसाबाहेर: स्थापलेल्या की स्थापन केलेल्या?

तर्कटराव: त्यासाठी नवा धागा काढा.