मदत हवी आहे : जुना युद्धविचार ड्रोनच्या काळात कितपत चालतो?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात या विषयावर मला बोलायचंय. ऐकायला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले बरेच जण असतील, म्हणजे पोकळ बोलून निभावणार नाही.

क्लाउझेवित्झ या प्रशियन सेनाधिकाऱ्याचा युद्धावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर पत्नी मारी हिने १८३२ पासून छापायला घेतला. त्यातला 'घर्षणा'चा विचार मला आजही पटतो. कागदावर सोपी वाटणारी योजना चिखल, थकवा, चुकलेला निरोप यांत रुतते. २०२२ मध्ये कीवकडे निघालेला रशियन ताफा रस्त्यातच अडकला. डिझेल संपलं, रसद पोचेना. रणगाडे नवे, रडगाणं जुनंच!

माझं घोडं अडतंय ते पुढे. हल्ल्यापेक्षा बचाव बळकट, असं क्लाउझेवित्झ म्हणतो. पण त्या काळी टेकडीआड फौज लपवता यायची. आता डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतो. चार गाड्या एकत्र आल्या की तोफेचा मारा सुरू. मग बचाव आणखी बळकट झाला, की दोघेही सारखेच उघडे पडले? (प्राचीन चिनी युद्धविचारक सुन त्झूची सुभाषितं मात्र नकोत, ती मोटिवेशनवाल्यांनी पार झिजवलीत.)

बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड किल्ला उदाहरणाला घ्यावा म्हणतोय, उंचावरून टेहळणीचा मुद्दा पटकन कळेल. की ताणल्यासारखं वाटेल?

निवृत्त जवानांनी रसदीचे अनुभव सांगितले तर फार बरं होईल. गोपनीय काही नको. यावर मराठीत सोपं काही वाचलं असेल तर तेही सुचवा.