घरातल्या ऑफिसच्या टेबलावर पत्रिका, नारळ, खण आणि वायरींचा गुंता: कसं आवरायचं?

मंगळवारपेठ_अकाउंट्स

नमस्कार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर आहे, भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन फूट जाड. रस्त्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार फुटी टेबल टाकून पुण्याच्या कंपनीचं काम चालतं, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. शिवाय तीन दुकानांची जीएसटीची कामं आहेत, म्हणजे कागद आलेच.

खोली पुढची, त्यामुळं आलेला माणूस आधी तिथंच टेकतो आणि हातातलं टेबलावर ठेवतो. लग्नाच्या पत्रिका, अक्षतांच्या पुड्या, ओटीचे खण, नारळ, दिवाळीच्या डायऱ्या, कॅलेंडरं. पत्रिकेवर गणपती असतो म्हणून ती कचऱ्यात टाकवत नाही. खाली वायरींचं जाळं, पावसाळ्यात कागद ओलसर आणि फायलींत कसर. त्यात मीटिंग सुरू असताना कुणी आलं, तर चहा न विचारता पाठवणं आपल्याकडं शोभत नाही.

नुसतं "नको ते टाकून द्या" याचा उपयोग नाही. कुठली वस्तू कुठं जावी आणि माणसाला न दुखावता वेळ कशी सांगावी, हे जाणकारांनी सांगावं. दसरा जवळ आलाय, लॅपटॉपची पूजा कशी करावी हेही हवं आहे.

दफ्तर_जुनं_नवं

ताई, पत्रिकांपासून सुरू करू, कारण कागदाच्या ढिगाची सुरुवात तिथूनच होते. पत्रिका हातात पडली की त्याच दिवशी मजकुराचा फोटो काढा आणि फोनच्या कॅलेंडरात तारीख, मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयाचं नाव भरा. हळद आदल्या दिवशी असेल तर तिची नोंद वेगळी. मग पत्रिका ३२ मिलिमीटरच्या एका बाइंडर क्लिपमध्ये लावून खिळ्याला अडकवा. त्यात दहाएक जाड पत्रिका मावतात. क्लिप मिटेना झाली की झालेली लग्नं काढायची.

काढलेल्या पत्रिकेवरचं देवाचं चित्र कात्रीनं कापून निर्माल्यात ठेवा. ते निर्माल्य पंचगंगेत सोडू नका, महापालिकेच्या निर्माल्य कुंडात द्या. चित्र काढल्यावर उरतो तो साधा पुठ्ठा, तो रद्दीत घालायला मन कचरत नाही. मखमल, सोनेरी पत्रा किंवा प्लास्टिकचा थर असलेली पत्रिका मात्र रद्दीवालाही बाजूला काढतो, ती सुक्या कचऱ्यातच जाते. जाड पुठ्ठ्याचे पाच बाय पंधरा सेंटीमीटरचे तुकडे फायलीत महिन्यांचे दुभाजक म्हणून छान चालतात. अक्षतांची पुडी टेबलावर मुळीच ठेवू नका. मुंग्या येतात आणि दमट हवेत कुंकवाचा डाग खालच्या कागदावर उतरतो. तुळशीच्या बुडाशी घाला.

आता कामाचे कागद. तीन ट्रे पुरतात: "आज", "पैसे भरायचे" आणि "फाईलला". चौथा ट्रे आणला की तो "बघू नंतर"चा होतो. शनिवारी वीस मिनिटं काढून तिसरा ट्रे रिकामा करायचा. जीएसटीची बिलं आणि हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. त्यामुळं प्रत्येक वर्षाच्या गठ्ठ्यावर "हे कधी काढायचं" ती तारीख आजच मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे नंतर गठ्ठा उघडून बघावा लागत नाही. विजेची बिलं बारा महिन्यांची बास, अनामत रकमेची पावती मात्र कायमची. पेट्रोल पंपाच्या नाहीतर दुकानातल्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदावर असतात, त्यांवरची अक्षरं उडतात. आल्या दिवशी झेरॉक्स किंवा स्कॅन.

घराचं खरेदीखत लॅमिनेट करू नका. एकदा केलं की सोडवताना कागद फाटतो आणि शिक्के नीट तपासता येत नाहीत.

फायलींना कसर लागते ती ओलीमुळं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ते पाच-सात सेंटीमीटर पुढं घ्या आणि खाली लाकडी पट्ट्या द्या. पीव्हीसीच्या पाकिटात झेरॉक्स ठेवली तर शाई प्लास्टिकला चिकटते आणि कागद काढताना अक्षरं उपटून येतात. घेताना पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा, ती किंचित दुधी आणि कडक असतात. प्रत्येक बंद कप्प्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवा. नारिंगी दाणे घ्या, ते ओल पिऊन हिरवे झाले की तापवून परत वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते घरात नकोच.

उद्यमनगर_वायरमन

वायरींचं मी सांगतो. आधी बोर्डावर काय काय चालतं ते मोजा. लॅपटॉप ६५ वॉट, मॉनिटर ३०, राउटर १२, फोनचा चार्जर २० धरा. सगळं मिळून दीडशेच्या आत. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉटपर्यंत. तुमच्या कामाला तो भरपूर झाला. गडबड होते ती त्याच बोर्डावर कुणीतरी इस्त्री नाहीतर पाण्याची किटली लावतं तेव्हा. किटली एकटीच १५०० वॉटची असते. सॉकेटची पकड सैल होते, पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं. पिवळं पडलेलं सॉकेट दिसलं तर बोर्ड बदला, घासूनपुसून वापरू नका. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड कधीच नाही.

बोर्ड जमिनीवर ठेवू नका, फरशी पुसताना पाणी शिरतं. टेबलाच्या मागच्या पट्टीला आतल्या बाजूनं, वरून दहा सेंटीमीटर खाली, दोन स्क्रूंवर अडकवा. स्क्रू लावायच्या आधी बोर्डामागच्या भोकांचं अंतर कागदावर छापून घ्या, नाहीतर भोकं चुकतात आणि बोर्ड लोंबतो. अ‍ॅडॉप्टर वजनानं खाली ओढतात, त्यांना वेल्क्रो पट्टीनं टेबलाच्या पायाला बांधा. प्लास्टिकचे टाय वापरू नका, एक वायर काढायची तर सगळे कापावे लागतात. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच नाव लिहिलेली चिकटपट्टी. एकाच टोकाला लावली तर टेबलाखाली वाकल्यावर काही कळत नाही. भिंतीवरून जाणाऱ्या वायरींना २५ मिलिमीटरची केसिंग पट्टी लावा, पण मातीच्या भिंतीत साधा खिळा धरत नाही. लाकडी गुट्टी ठोकून मगच स्क्रू.

तुमच्या जाड भिंतीतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल आरपार जात नाही. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर कॅट-६ ची लॅन केबल टेबलापर्यंत आणा. शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला दहा लागेल. लाईट गेल्यावर मीटिंग तुटू नये म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेक ठिकाणी १२ असतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर राउटर जातो.

मंगळवारपेठ_अकाउंट्स

दोघांचेही आभार. गठ्ठ्यांवर काढायची तारीख आजच लिहिते आणि वायरींच्या दोन्ही टोकांना पट्टी लावते. खण आणि नारळांचं काय करावं? पंधरा-वीस खण साठलेत आणि ते पुढच्या बाईच्या ओटीत फिरवणं मला पटत नाही.

बावडेकर_वहिनी

तुमचं बरोबर आहे, खण फिरवत बसलं की तो कुणाच्याच अंगावर जात नाही. आधी मोजा. ज्याचा ब्लाउज होईल तो शिंप्याकडं द्या. उरलेल्या सुती खणांच्या वायरी ठेवायच्या पिशव्या शिवा. मीटरभर लांब आणि ८० सेंटीमीटर पन्ह्याच्या खणातून चार होतात. लांबीच्या बाजूनं २३ सेंटीमीटरच्या चार पट्ट्या, प्रत्येक ५८ उंच कापा. वरच्या दोन्ही टोकांना चार-चार सेंटीमीटर दुमडून नाडीचं नेफं करा, मग मधोमध घडी घालून दोन्ही बाजू दीड-दीड सेंटीमीटर आत शिवा. नेफ्याची तोंडं मात्र उघडी ठेवा, तेवढंच घाईत शिवलं जातं. पिशवी वीस बाय पंचवीसची होते, एक चार्जर आणि माऊस आरामात बसतो. एका पिशवीत एकाच यंत्राच्या वायरी घाला आणि खणाच्या रंगावरूनच ओळखा. इरकली काठाचा खण असेल तर काठ तोंडाशी येईल असा कापा, पिशवी देखणी दिसते.

नारळाची शेंडी काढू नका. डोळे उघडे पडले की तिथून बुरशी शिरते आणि आत नासतो. ऑफिसच्या कपाटात तर ठेवूच नका. स्वयंपाकघरात वारा लागेल अशी टोपली ठेवा आणि आलेला नारळ पंधरा दिवसांत फोडा.

आता माणसांचं. खोलीच्या दाराबाहेर एक स्टूल आणि भिंतीला एक ताट किंवा टोपली हवी. दारातच हातातलं ठेवायला जागा दिसली की वस्तू टेबलापर्यंत येत नाही. अर्धा पसारा तिथंच थांबतो. सकाळी एक लिटरचा थर्मास भरा, छोट्या कपानं आठ-नऊ चहा निघतात. मीटिंगमध्ये असताना कुणी आलं तर माईक बंद करून उठा, बसल्या जागेवरून हात हलवू नका. दारात जाऊन सांगा, "काका, या, बसा. थर्मासमधला चहा घ्या. माझं साडेबाराला संपतंय, मग निवांत बोलू." वेळ नेमकी सांगितली की वडीलधाऱ्या माणसाला वाईट वाटत नाही. "आत्ता कामात आहे" एवढंच म्हटलं तर लागतं. आणि साडेबारा म्हटलं तर साडेबारालाच उठा. नेहमी येणाऱ्या चार-पाच जणांना तर आधीच सांगून ठेवा की दुपारी एक ते दोन मी मोकळी असते.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची बोलावणी कामाच्या वेळेतच येतात. "साडेसातला आले तर चालेल का?" असं आदल्या दिवशी विचारा. आपल्याकडं बायका उशिरा आलेलीला नाही म्हणत नाहीत, न सांगता न आलेलीचं मनात धरतात.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

वहिनींच्या म्हणण्यात पुण्याकडची बाजू जोडतो. दारात उठून जाताना मीटिंगच्या चॅटमध्ये "पाहुणे आलेत, दोन मिनिटं" एवढं टाकून जा. समोरची माणसंही मराठी घरांतलीच असतात, ती समजून घेतात. न सांगता खुर्ची रिकामी दिसली की मात्र गैरसमज होतो. कॅमेरा असा लावा की पाठीमागं भिंत येईल. दार मागं असेल तर येणाजाणारा प्रत्येक जण मीटिंगमध्ये दिसतो, आणि त्यालाही अवघडतं.

खंडेनवमीचं. आदल्या रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. पूजेच्या वेळी झाकण मिटलेलं हवं. हळदकुंकू थेट वाहू नका. ते फार बारीक असतं, बाजूच्या जाळीतून आत पडतं आणि दुसऱ्या दिवशी पंखा फिरला की सगळीकडं बसतं. पाच सेंटीमीटरच्या कागदाच्या चौकोनावर गंध लावून तो झाकणावर ठेवा. झेंडूचं फूल पाणी शिंपडलेलं नको, आणि ते शेजारी ठेवा. समई लॅपटॉपपासून दोन फूट दूर.

अक्षता टाकायच्या असतील तर पाटावर टाका. तांदळाचा एक दाणा कीबोर्डवर राहिला आणि वरून झाकण दाबलं, तर पडद्याला तडा जातो, कारण मधली फट मिलिमीटरभराची. पूजा आटोपली की झाकण उघडायच्या आधी लॅपटॉप मिटलेलाच तिरका धरून कडा ब्रशनं झाडा. मग उघडा, कीबोर्डावर एकदा नजर टाका आणि त्यानंतरच परत मिटा.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देणारे सगळे तुमच्या पुढच्या खोलीतच येणार. आपट्याची पानं वहिनींनी सांगितलेल्या ताटात जमू द्या, दोन पानं देवापुढं ठेवा आणि बाकीची दुसऱ्या दिवशी झाडाच्या आळ्यात घाला. ड्रॉवरमध्ये राहिली की आठवड्यात कुरकुरीत होतात आणि त्यांचा चुरा कागदांत शिरतो.