कॉपर-टी काढायची म्हणते, पण त्यानंतर काय घेऊ? (नागपूर)

तर्री_पोहे

नमस्कार मैत्रिणींनो. दादा लोकांनी वाचलं तरी चालेल, लाजायचं वय गेलं.

मी एकतीसची, मानेवाड्याला राहते, शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते. मुलगा अडीच वर्षांचा. सिझेरियनच्या वेळीच, लगेच परत दिवस राहू नयेत म्हणून, कॉपर-टी बसवून दिली. कागदांच्या गठ्ठ्यात सही माझीच आहे, पण ती काय असते, त्यानं पाळीचं काय होते, हे कोणी दोन मिनिटं बसून सांगितलं नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

आधी माझी पाळी चार दिवसांत आटपायची. आता आठवडा उलटून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर दोन तास पॅड टिकत नाही. वर्गात फळ्याकडे वळायचं म्हणजे पोरांकडे पाठ करायची, तेच नको वाटते. म्हणून त्या दोन दिवसांत मी पोरांनाच उदाहरणं सोडवायला फळ्यावर बोलावते. पोरं खूश, त्यांना वाटते मॅडम आज मूडमध्ये आहेत. स्कूटीच्या डिक्कीत एक काळा कुर्ता कायम घडी करून ठेवलेला असतो.

हिमोग्लोबिन घटून ९.१ आलं. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, काढून टाकू, पण पुढे काय घ्यायचं ते ठरवून ये. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या, अंतरा इंजेक्शन, हार्मोनवाली टी, छाया नावाची आठवडी गोळी, सगळी नावं घेतली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माझा कल रोजच्या गोळ्यांकडे आहे. माझी मैत्रीण घेते, तिची पाळी घड्याळासारखी येते आणि चेहराही साफ झाला. सासूबाई म्हणतात गोळीनं पुढं मूल राहत नाही. दुसरं बाळ हवं आहे, पण दोनेक वर्षांनी. वजनाचीही धाकधूक आहे. नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये, त्याचं म्हणणं "तुला जे झेपेल ते", म्हणजे ठरवायचं परत मलाच.

जाता जाता, उन्हाळ्यात माझं अर्धं डोकं दुखते. आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात, वहीतले आकडे दिसेनासे होतात, मग पाऊण-एक तासात ठणका सुरू. आई म्हणते ऊन लागते, पर्समध्ये कांदा ठेव. ठेवते. पर्सला वास येते, डोकं काही थांबत नाही. असो, याचा इथे संबंध नाही.

कोणी काय वापरलं, काय त्रास झाला, खरं खरं सांगा.

महालची_सून

ताई, मी अंतरा घेऊन राहिली आहे. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट. कार्ड देतात, त्यावर पुढची तारीख लिहून देतात. घरात गोळ्यांचं पाकीट लपवायची भानगड नाही, म्हणून मला ते बरं वाटलं. आमच्या घरी कपाटं सगळ्यांचीच असतात!

आता त्रास सांगते. पहिल्या इंजेक्शननंतर रोज थोडं थोडं डाग लागणं सुरू. पाळी म्हणावी तर नाही, नाही म्हणावी तर आहे. आणि नेमक्या त्यातच महालक्ष्म्या आल्या. सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक, सोवळं, आणि मी रोज सकाळी हिशोब करून राहिली की आज मला "बसवायचं" की नाही. सासूबाईंनी विचारलं, तुझं चाललंय तरी काय? जाऊबाईला खरं सांगितलं, तिनं सांभाळून घेतलं. दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शननंतर पाळी येणंच बंद झालं, तेही यात होते असं दवाखान्यात म्हणाले. रक्त आत साठत नाही, गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहते. मला आता त्याचं काही वाटत नाही, उलट मोकळं वाटते. वजन थोडं वाढलं, ते इंजेक्शनचं की सणावाराच्या जेवणांचं, देव जाणे.

पण तुम्हाला दोन वर्षांत बाळ हवं असेल तर दहादा विचार करा. बंद केल्यावर लगेच दिवस राहतात असं नाही, शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने धरून चला असं मला सांगितलं होतं.

सिस्टर_आजी

तर्री पोहे, तू "संबंध नाही" म्हणून जे खाली लिहिलंस ना, बाई, मी आधी तेच वाचून थांबले.

मी स्त्रीरोग विभागात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा, अक्षरं न दिसणं, मग अर्धं डोकं ठणकणं, हे उन्हानं वाढत असेल, पण ते नुसतं ऊन वाटत नाही. याला ऑरावाली मायग्रेन म्हणतात. अशी मायग्रेन असलेल्या बाईनं माला-एन, माला-डी किंवा बाजारातल्या त्याच जातीच्या रोजच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन असते आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की पक्षाघाताचा धोका वाढतो. धोका तसा लहान, पण दुसरे रस्ते असताना तो घ्यायचा कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीतही अशा बाईला या गोळ्यांसाठी थेट नाही म्हटलं आहे. बीपी जास्त असेल, पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, पस्तिशीपुढे सिगारेट ओढत असेल, त्यांनाही तेच. तुझी मैत्रीण घेते ते तिला मानवते, तिला मायग्रेन नसेल.

तुझ्या मॅडमनी विचारलं नाही, तू सांगितलं नाही, असंच होते ओपीडीत. आता जाशील तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांग.

दुसरं. कॉपर-टीनं पाळी वाढते, दुखते, पण ते बहुतेकींचं तीन ते सहा महिन्यांत निवळते. तुझं अडीच वर्षांनंतरही एवढं चाललं आहे तर एकट्या टीवर खापर फोडू नको. सोनोग्राफी करून टी जागेवर आहे का बघायला सांग. सिझेरियनच्या वेळी बसवलेली कधी कधी खाली सरकते. गर्भाशयात गाठ आहे का तेही त्यातच दिसेल. थायरॉईड तपासून घे. ९.१ वर लोहाच्या गोळ्या चालू असतीलच. चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घे. शौचाला काळी होते, घाबरू नको.

आणि सासूबाईंना सांग, गोळीनं मूल राहत नाही हे खरं नाही. बंद केली की बहुतेकींची पाळी महिना-दोन महिन्यांत मार्गी लागते.

अंबाझरी_संध्याकाळ

मी छायावर आहे, पूर्वी सहेली नावानं मिळायची तीच. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं शोधलेली. यात हार्मोन नाही, म्हणून सिस्टर आजींनी सांगितलेली इस्ट्रोजेनची भानगड नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, मग आठवड्याला एक. माझे वार बुधवार आणि रविवार होते, आता फक्त रविवार. रविवारी सकाळी नवरा तर्री पोहे आणायला निघाला की मी गोळी घेते. तुमचं नाव पाहून हसूच आलं.

त्रास म्हणजे, पाळी लांबते. पहिल्यांदा चाळीस दिवस झाले आणि माझ्या पोटात गोळा. मेडिकलमधून किट आणलं, निगेटिव्ह. पंधरा दिवसांच्या वर उशीर झाला तर तपासायचंच, असं मला सांगितलं होतं. पण रक्तस्राव कमी झाला, त्यामुळे तुमच्या हिमोग्लोबिनला ही कदाचित बरी पडेल. पीसीओडी (बीजकोशात बारीक गाठी) असेल किंवा कावीळ होऊन गेली असेल तर मात्र देत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

एकच गोष्ट, गोळी चुकली तर गंमत नाही. आठवड्याच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांच्या वर गेलं की परत पहिल्यापासून, तीन महिने दोन-दोन.

बुटीबोरी_शिफ्टवाला

दादा लोकांनी वाचलं तर चालेल म्हणालात म्हणून लिहून राहिलो. आमची दोन्ही पोरं झाल्यावर मी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. जागा बधिर केली, पंधरा-वीस मिनिटांत मोकळा. दोन दिवस घरी, आठवडाभर जड उचलणं बंद, सायकल बंद. ताकद कमी होते म्हणणारे कंपनीत लय भेटले, त्यांना म्हटलं या बाप्पा, पंजा लढवू.

हे लोक सांगत नाहीत ते सांगतो: केल्या दिवसापासून लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, रिपोर्टमध्ये शुक्राणू नाही आले की मगच निर्धास्त. आमच्या लाईनवरच्या एकानं तपासलंच नाही, आणि बायकोवर संशय घेऊन बसला. भांडण मिटवायला आम्हीच गेलो होतो.

तुम्हाला अजून बाळ पाहिजे आहे, म्हणजे हे आत्ता तुमच्या कामाचं नाही. पण दोन वर्षं निरोध वापरायला दादांना काय झालं? "तुला झेपेल ते" म्हणणं सोपं आहे, भाऊ. शिफ्ट माझीही असते.

तर्री_पोहे

सगळ्यांचे आभार. शिफ्टवाले दादा, तुमचं उत्तर मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी मेडिकलमधून येताना पिशवी घेऊन आला.

सोनोग्राफी झाली. टी खाली सरकलेली निघाली! गाठ नाही, पीसीओडी नाही, थायरॉईड नॉर्मल. मायग्रेनचं सांगितल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. रोजच्या गोळ्या आपसूकच कटल्या. हार्मोनवाली टी चालली असती म्हणाल्या, पाळी खूप कमी होते, पण सुरुवातीचे काही महिने डाग लागतात आणि खर्च काही हजारांत. दोन वर्षांसाठी एवढे पैसे घालायला माझं मन होत नाही. अंतरा नको, बाळाचं वेळापत्रक त्यात अडकते. महालची सून, महालक्ष्म्यांचं वाचून मी शाळेत स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले होते.

छाया घ्यायची ठरली. सरकारी डागा हॉस्पिटलमध्येही फुकट मिळते असं मॅडमच म्हणाल्या.

एक विचारायचं राहिलं. टी कधी काढू? मधेच काढली तर चालते का?

सिस्टर_आजी

पाळी सुरू झाली की जा. छायाची पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशीच घ्यायची असते, त्यामुळे दोन्ही एकत्र जमते, आणि पाळीत टी काढायलाही सोपं जाते. पाळीच्या आधी मधेच काढायची वेळ आली तर आधीचे सात दिवस संबंध नको किंवा निरोध वापरा. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, टी निघाली की अडवणारं कोणी उरत नाही. सुरुवातीचा महिना त्या पिशवीतलंही वापरा.

आणि पर्समधला कांदा काढून टाक. मायग्रेनसाठी वेगळा डॉक्टर बघ.

तर्री_पोहे

कांदा काढला. आई विचारेल, तिला काय सांगू ते बघते.